तीन फुटांवरचं टपाल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी कधी लपवलं नाही. माहेरी सगळे चिडवायचे की हिला विहिरीवर पाठवलं तर ही रहाटाशीसुद्धा भांडून येईल. पण भडकून काढलेला राग तासाभरात विझतो. तारीख घालून, सही करून, शांतपणे काढलेला राग विझत नाही. तो काढायला मी साकोलीला शिकले, आणि खोटं कशाला बोलू, त्यात चांगली तरबेज झाले.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. साकोलीच्या एका सरकारी कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. खातं कोणतं ते सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही. हमरस्त्याच्या कडेला तीन खोल्यांची कौलारू इमारत होती. एका खोलीत साहेब, एका खोलीत जुनं दप्तर आणि त्यावर जगणारे उंदीर, आणि मधल्या खोलीत आम्ही दोघं. बाकीची मंडळी बहुतेक वेळ फिरतीवर असत. दाराशी स्टुलावर आमचा चपराशी, केस पांढरे झालेला, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि आवक-जावक पाहणारे बाबूजी. ते माझ्याहून पंचवीस-तीस वर्षांनी मोठे. कचेरीत येणारा आणि कचेरीतून जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा. त्यांनी रजिस्टरात नोंदून क्रमांक टाकला की तो कागद जन्माला आला असं समजायचं. तोवर तो नुसता कागदच. आमच्यात एकच लांबलचक सागवानी टेबल होतं. एका बाजूला ते, समोर मी. मध्ये रजिस्टरांची रांग. मोजलं तर तीन फूट अंतर.

मला साकोली आवडत नव्हती असं नाही. पण मला तिथून निघायचं होतं. नवरा नाकाडोंगरीच्या शाळेत मास्तर, सासर सिहोऱ्याचं, आणि मी साकोलीला भाड्याच्या खोलीत. मुलगी चार वर्षांची. तिला मी सोबत आणलं होतं, दिवसा शेजारणीजवळ ठेवत होते. तिला गोवर आला तेव्हा मी कचेरीत जावक पत्रांच्या नकला काढत बसले होते आणि ती शेजारणीच्या खाटेवर तापाने फणफणत होती. ते कळल्यावर सासूबाई एस.टी.नं आल्या, तिचे दोन फ्रॉक पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "तुई बदली होतवरी राहू दे माह्यापाशी." त्यांचं चुकलं नव्हतं. मी नाही म्हणू शकले नाही.

साकोलीहून सिहोऱ्याला जायचं तर भंडाऱ्याला एक गाडी बदलायची, तुमसरला दुसरी. महिन्यातून दोन रविवार जमायचे. तुमसरच्या कचेरीत बदली झाली की रोज सिहोऱ्याहून जाणं-येणं होण्यासारखं होतं. बदल्यांचे अर्ज वर्षातून एकदा, एप्रिलअखेरपर्यंत जिल्ह्याला पोचावे लागत. मी रुजू झाल्या दिवसापासून त्या एप्रिलची वाट पाहत होते.

आता बाबूजींबद्दल. माणूस कामाला चोख, अक्षर मोत्यासारखं. पण त्यांना खर्रा लागे. सकाळी आल्यावर एक, जेवणानंतर एक, चारला एक. प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घेऊन टेबलाच्या कडेवर ते ती घोटत बसत. पंधरा मिनिटं खर्र खर्र, आणि टेबल एकच असल्यामुळे माझी दौत पण हलायची. घोटताना ते कोणाशी बोलत नसत, डोळे अर्धवट मिटलेले. पूजेला बसलेला माणूसही इतका एकाग्र नसतो. शिवाय ते माझ्या माठातलं पाणी पीत आणि माठ कधी भरत नसत. आणि काही बोलायचं झालं की माझ्याशी न बोलता चपराश्याशी बोलत. "काही काही लोकाइले लवकर घरी जायची लय घाई रायते, काहून रायते काय मालूम." चपराशी बिचारा स्टुलावर बसून हसल्यासारखं करायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. खिडकी नाही सोसली. खोलीत खिडकी एकच, ती माझ्या खुर्चीच्या मागे. बाबूजी उठत, माझ्या खांद्यावरून वाकत आणि बाहेर पिचकारी मारत. दिवसातून पंधरा-वीस वेळा. एकदा माझ्या सगळ्यात चांगल्या, लग्नातल्या जांभळ्या लुगड्यावर दोन थेंब पडले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मोठ्यानं, चार लोकांसमोर. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन खिडकी लावली आणि कडीला तार गुंडाळून पक्कडीनं पिळली.

बाबूजी उठले, खिडकीशी आले, तार पाहिली, परत जाऊन बसले. तोंड भरलेलं, तसेच व्हरांड्यात गेले. दुपारी चपराश्यानं माझ्यापुढे कागद ठेवला. "विषय : कार्यालयीन खिडकी उघडी ठेवणेबाबत." खाली जावक क्रमांक, तारीख, सही. तीन फुटांवरून मला पत्र आलं होतं.

मीही कच्च्या गुरूची चेली नव्हते. "विषय : कार्यालयीन खिडकी बंद ठेवणेबाबत. संदर्भ : आपले पत्र." चपराश्यानं तो कागद उचलला, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला. दोघांचे कागद साहेबांकडे गेले. साहेब घाटावरचे, आठवड्यातून दोनच दिवस असायचे. त्यांनी समासात लिहिलं, "चर्चा करावी." तेवढंच आम्ही दोघांनी केलं नाही. खिडकीची एक वेगळी फाईल उघडली गेली आणि ती जाड होत गेली.

तरी तोंडानं बोलणं अगदी बंद झालं नव्हतं. ते बंद केलं मी. झालं असं, की बाबूजी एकदा जाता जाता म्हणाले, जिल्ह्याच्या अमक्या पत्राला उत्तर पाठवायची गरज नाही, साहेबांचं तिकडे बोलणं झालं आहे. मी उत्तर पाठवलं नाही. पंधरा दिवसांनी साहेबांनी मला बोलावून चांगलंच झापलं. मी म्हटलं, बाबूजींनीच सांगितलं होतं. बाबूजींनी रजिस्टरातून मान वर केली नाही. "मी? मले तं काई याद नाई जी," म्हणाले.

त्या दिवसापासून माझा नियम झाला की तोंडी काहीही ऐकायचं नाही. टेबलावर मी एक चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. ते काही बोलू लागले की गठ्ठा पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "लेखी द्या." त्यांनी थेट माझ्या बाजूला कागद ठेवला तर मी तो परत सरकवायची, वर शेरा मारून, "चपराश्यामार्फत यावे." आणि त्यांच्या कुठल्या कागदावर तारीख राहिली की मला सण. "दिनांक नाही. परत." हे तीन शब्द मी किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. तेही मागे राहत नसत. माझ्या कागदांवरही त्यांचे तेच शब्द यायचे, मोत्यासारख्या अक्षरात.

चपराशी दिवसभर टेबलाला वळसे घालायचा. एकदा दमून म्हणाला, "बाई, बैल घाण्याले फिरते तं तेल तरी निंगते जी. मी कायले फिरून राहिलो?" मी हसले. मला वाटत होतं, मी जिंकते आहे.

असं वर्ष गेलं. एप्रिल आला. मी बदलीचा अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला, चारदा फाडला, पाचव्यांदा मनासारखा झाला. मुलीबद्दल एकच ओळ ठेवली, उगाच रडगाणं नको म्हणून. तारखेची जागा कोरी सोडली, कारण साहेब फिरतीवर होते. त्यांची शिफारस झाली की तीच तारीख वर टाकायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. साहेब आले, त्यांनी शिफारस केली, खाली सही ठोकली. अर्ज चपराश्याच्या हातून माझ्या डोळ्यांदेखत बाबूजींच्या बाजूला गेला. त्यावरची कोरी जागा मी साफ विसरले. वर्षभर दुसऱ्याच्या तारखा शोधणाऱ्या बाईला स्वतःची दिसली नाही.

तो शनिवार होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस. टपालाची पिशवी घेऊन चपराशी तीनच्या गाडीनं भंडाऱ्याला जाणार होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं, अर्ज तर गेल्यातच जमा होता. मी नकला काढत बसले होते आणि मनात तुमसरच्या गाडीची वेळ जुळवत होते. सकाळी आठला सिहोऱ्याहून निघायचं म्हणजे मुलीची वेणी घालूनही निघता येईल, असा हिशेब.

अडीचच्या सुमारास बाबूजी उठले. बाहेर गेले, माठाशी पाण्याचा आवाज आला. मग परत आले ते आपल्या खुर्चीकडे न जाता टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. खिडकी बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

"बाई," ते म्हणाले.

मी मान वर केली नाही.

"बाई, थोडं बोलाचं होतं. तुमच्याच कामाचं हाये."

मला ते गोड वाटलं, हे अजून आठवतं. वर्षभर चपराश्याशी बोलणारा माणूस आज माझ्याशी बोलायला आला होता. आणि म्हणूनच मला ते सोडवेना. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवला.

"माझ्या कामाचं असेल तर लेखी द्या."

ते उभेच राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी पाहत नव्हते. मग चपला वाजल्या आणि त्यांची खुर्ची करकरली. थोड्या वेळानं टाकाचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात चपराश्यानं पिशवी उचलली आणि तो गाडी गाठायला धावला. टाक चालूच होता. बाबूजी काही असलं तरी घाईनं लिहीत नसत.

सोमवारी सकाळी चपराश्यानं माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक माझा अर्ज. दुसऱ्यावर लिहिलं होतं :

"विषय : बदली अर्जावर दिनांक नसणेबाबत. आपल्या अर्जावर दिनांक नाही. टपाल आज तीन वाजता निघत आहे. आपण आत्ता दिनांक टाकल्यास अर्ज आजच रवाना होईल. तरी कळविण्यात येते."

शनिवारची तारीख. जावक क्रमांक. सही. पत्र चपराश्यामार्फतच यायला हवं होतं आणि चपराशी भंडाऱ्याला गेला होता, म्हणून ते शनिवारी दुपारपासून सोमवारपर्यंत तीन फुटांवर पडून राहिलं.

मी अर्ज घेतला, तारीख टाकली आणि मिळेल त्या गाडीनं भंडारा गाठलं. तिथल्या लिपिकानं अर्ज उलटूनसुद्धा पाहिला नाही. मुदत शनिवारी संपली, पुढच्या वर्षी या, म्हणाला. मी खूप बोलले. शेवटी मी म्हटलं, तुम्ही लेखी द्या. तो म्हणाला, "देतो की," आणि दिलं.

परतीच्या गाडीत मी बाबूजींना मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. म्हाताऱ्यानं डाव साधला, दुसरं काय. स्वतः तारीख टाकली असती तर हात झिजला असता? चपराश्याला दोन मिनिटं थांबवता आलं नसतं? दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या आल्या चपराश्याला पकडलं आणि हेच सगळं त्याला ऐकवलं, बाबूजींना ऐकू जाईल अशा आवाजात. म्हणजे त्यांचीच रीत मी त्यांच्यावर वापरली.

चपराशी मला व्हरांड्यात घेऊन गेला. हळूच म्हणाला, "बाई, एक गोठ सांगू का? रागावू नका. शनिवारी बाबूजीनं खर्रा थुकून टाकला. पुरा तोंड धुतला. मी म्हटलं, बाबू, आज काहून? तं म्हणे, बाईसंग बोलाचं हाये, तोंडात खर्रा बरा नाई दिसत."

माझा राग तिथल्या तिथे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली, की आता एक अख्खं वर्ष.

मी आत गेले. टेबलाला वळसा घातला. ती चार पावलं होती, वर्षभर मी कधी चालले नव्हते. बाबूजी रजिस्टरात रेघा ओढत होते.

"बाबूजी, तुम्ही आणखी एकदा बोलायचं ना हो," मी म्हटलं. "मी नाही म्हटलं तरी ओरडून सांगायचं."

त्यांनी चष्मा काढला. "तुमी लेखी मांगतलं, बाई. मंग मी लेखी देलं."

हे वाक्य ते टोचून बोलले की सरळ, ते मला आजही कळलेलं नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला माझ्याबद्दल मात्र कळलं. ज्या कुऱ्हाडीला मी वर्षभर धार लावली, ती माझ्याच पायावर पडली होती, आणि पाय माझ्या एकटीचा नव्हता.

त्या रविवारी सिहोऱ्याला गेले तेव्हा मुलीनं विचारलं, कधी येशील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तिनं बोटं मोजायला घेतली आणि कुठवर मोजायचं ते न कळून सोडून दिली.

त्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पक्कडीनं मीच तार सोडली आणि खिडकी उघडली. बाबूजींनी त्यातून थुंकणं सोडलं, व्हरांड्यात जात. खर्रा सुटला नाही, खर्र खर्रही नाही. माठ मात्र कधीमधी भरलेला असायचा आणि कोणी भरला ते कोणी सांगत नसे. आम्ही बोलू लागलो, पण जीव ओतून बोलावं असं काही नाही. आज पाव्हणे आले का, धानाचं कसं आहे, एवढंच. मी अधूनमधून चिडायची, पण तोंडानं. चिडणं किती सोपं असतं ते तेव्हा समजलं. बोलायचं आणि मोकळं व्हायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी अर्ज लिहिला. शाई वाळायच्या आत टेबलापलीकडून आवाज आला, "बाई, तारीख टाका पयले." मी टाकली. त्यांनी उठून येऊन पाहिली, अर्ज स्वतः नेला, आणि टपालाची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी रजा टाकून भंडाऱ्याला देऊन आले. पोच माझ्या हातात ठेवली. बदलीचा हुकूम आला, त्यानंतर महिन्याभरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला मी नव्हते, मी तोवर सिहोऱ्याला पोचले होते.

ट्रंक अंगणात ठेवली तेव्हा मुलगी सासूबाईंच्या पदराआड उभी होती. सहा वर्षांची झाली होती, उंच झाली होती. मी हात पुढे केला. ती आली नाही. संध्याकाळी मी ताट वाढलं. ती ताटाकडे पाहत सासूबाईंना म्हणाली, "माय, तिले सांग, मले भूक नाई." घरात सगळे सासूबाईंना माय म्हणत, तीही म्हणायची. मी तिच्यासमोर बसले होते. आमच्यात तीन फूटसुद्धा अंतर नव्हतं.

सासूबाई गोंधळून माझ्याकडे वळल्या, "थे म्हणते, भूक नाई."

मला आधी हसू आलं. मग मी ताट उचलून झाकून ठेवलं.

रोज तसंच. माय, तिले सांग माही वेणी तू घाल. माय, तिले सांग माह्या पाटीले हात लावू नको. कोणी म्हणालं, एक धपाटा घाल, सरळ होईल. नवरा म्हणाला, तूही बोलू नकोस, आपोआप येईल. मी त्याला म्हटलं, ते मी करून पाहिलेलं आहे. मी बोलत राहिले. उत्तर येवो न येवो, कचेरीतून आल्यावर मी तिला सांगायची की आज गाडीत कोंबड्या होत्या, आज तुमसरला भेदरं, म्हणजे टमाटे, स्वस्त होती, आज मला कंटाळा आला. ती दुसरीकडे पाहत ऐकायची.

आठ-नऊ दिवस गेले असतील. रविवारी सकाळी मी सुपात तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई वावरात गेल्या होत्या, घरात निरोप न्यायला कोणी नव्हतं. ती येऊन समोर उभी राहिली. तोंड उघडलं, खालचा एक दात बोटानं हलवला.

"हालून राहिला," ती म्हणाली. मला.

मी सूप बाजूला ठेवलं. बोट लावून पाहिलं. दात खरंच हलत होता, आणि त्याच्या शेजारी नवा दात अर्धा वर आलेला होता.

"आता पडेल हा," मी म्हटलं.

"हा दुसरा होय. पयला पडला तवा तू नोहती."

मला सगळ्यांना सांगायची सवय झाली होती, की खात्यानं उशीर केला, मुदत चुकली, जिल्ह्याच्या लिपिकानं अडवलं. तिला यातलं एकही सांगता आलं नाही. मी म्हटलं, "माही चूक झाली. एक बाबा मले काही सांगाले आले होते, मी ऐकलंच नाई. म्हणून उशीर झाला."

ते तिला पटलं की नाही, कोण जाणे.

"मायनं कवेलूवर फेकला तो," ती म्हणाली. "असंनच अजून तिथं."

मी उठून अंगणात गेले आणि मान वर करून छपराकडे पाहू लागले. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, वर्षभराच्या कचऱ्यात, ती कुठे दिसणार. तरी मी बघत राहिले. थोड्या वेळानं ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं माझा हात धरून दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला.

"तिकडे नाई, आई. तिकडे."